वूड दीड हजार आणि फूड शून्य: एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये नवख्याने रिसोर्स कसे सांभाळावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: एज ऑफ एम्पायर्स २ ची (गाव वसवून, सैन्य उभारून लढायचा कॉम्प्युटर गेम) डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे नवी सुधारित आवृत्ती, नुकतीच घेतली आहे, पण मॉडरेट पातळीवरचा कॉम्प्युटरही हरवतो. हरताना स्क्रीनच्या वरच्या पट्टीत दीड हजार वूड नुसतं पडलेलं असतं आणि नाइट (घोडेस्वार सैनिक) काढायला फूड-गोल्ड मात्र नसतं. रिसोर्स वाचवायचे कसे? आणि सिव्हिलायझेशन, म्हणजे खेळायला घ्यायची संस्कृती, कोणती निवडावी?

वाचवायचे नाहीत, हेच पहिलं उत्तर. पैसा शिल्लक टाकला की घर नीट चाललंय असं आपल्याला वाटतं. या गेममध्ये शिल्लक म्हणजे काम न करणारं भांडवल. ते दीड हजार वूड तोडायला कुणीतरी व्हिलेजर (गावातले कामकरी) कितीतरी मिनिटं राबले, आणि त्यातून ना शेत झालं, ना तबेला, ना एखादा सैनिक. चांगला खेळाडू ओळखायचा तर त्याची वरची पट्टी बघा. चारही आकडे बहुतेक वेळ दोनशेच्या आत लोळत असतात. तो गरीब नसतो, आलेलं लगेच कामाला लावत असतो.

मग खरी टंचाई कशाची? टाउन सेंटरच्या (पुढे टीसी, व्हिलेजर तयार करणारी मुख्य इमारत) वेळेची. फूड, वूड, गोल्ड, स्टोन आज कमी पडले तर उद्या मिळतील, पण टीसी रिकामं बसलेले २५ सेकंद परत मिळत नाहीत. एक व्हिलेजर तयार व्हायला ५० फूड आणि २५ सेकंद लागतात. (इथले सगळे सेकंद गेममधल्या घड्याळाचे आहेत. ऑनलाइन सामने १.७ पट वेगाने चालतात, म्हणजे प्रत्यक्षात साधारण १५ सेकंद.) सुरुवातीच्या काळात एक व्हिलेजर मिनिटाला अंदाजे वीस रिसोर्स आणतो. म्हणजे स्वतःची किंमत दोन-अडीच मिनिटांत फेडून पुढचा सगळा खेळ तो फुकट राबतो. इतका चांगला परतावा देणारी दुसरी खरेदी या गेममध्ये नाही.

आता तुमचा टीसी किती वेळ रिकामा राहतो ते मोजू. त्यासाठी रेकॉर्डिंग बघायची गरज नाही, साधं गणित पुरतं. समजा २२ लोकसंख्येवर फ्यूडल एजचं, म्हणजे गेमच्या दुसऱ्या टप्प्यात जाण्याचं, बटण दाबलं. त्यातला एक स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार), म्हणजे २१ व्हिलेजर. तीन आयते मिळाले होते, म्हणजे तुम्ही १८ तयार केले. १८ गुणिले २५ म्हणजे ४५० सेकंद, साडेसात मिनिटं. त्यात लूमचे (व्हिलेजरला चिवट करणारी सुधारणा, तीही टीसीतच होते) २५ सेकंद घाला. टीसी एक क्षणही थांबला नसेल तर बटण ७:५५ ला दाबलं जायला हवं. तुमचं साडेनऊला दाबलं गेलं असेल तर ९५ सेकंद वाया गेले, म्हणजे जवळजवळ चार व्हिलेजर. पुढे तुम्ही कितीही नीट खेळलात तरी हे चार कमीच राहतात. बाराएक मिनिटांत त्यांचं न आलेलं उत्पन्न हजाराच्या घरात जातं. वूड जास्त होतं की गोल्ड कमी होतं, या चर्चेपेक्षा हा हजाराचा खड्डा मोठा आहे. प्रत्येक सामन्यानंतर हा एकच हिशेब करा. आठवडाभर दुसरं काही सुधारलं नाही तरी चालेल.

टीसी रिकामा का राहतो? नवख्यांच्या बाबतीत तीन कारणं दिसतात: फूड संपतं, घर नसतं, किंवा लक्ष दुसरीकडे असतं.

फूडचं गणित आधी घेऊ, कारण ते कळलं की बाकीचा गेम उलगडतो. २५ सेकंदांना ५० फूड म्हणजे टीसी सेकंदाला २ फूड खातो. मेंढीवर काम करणारा व्हिलेजर सेकंदाला साधारण ०.३३ फूड आणतो. भागाकार करा, सहा येतात. म्हणूनच जिथे जाल तिथे ‘पहिले सहा जण मेंढ्यांवर’ असं सांगितलेलं सापडतं. ती परंपरा किंवा अंधश्रद्धा नाही. सहा जण एका टीसीचं पोट बरोबर भरतात. सुरुवातीचे २०० फूड म्हणजे चार व्हिलेजर, शंभर सेकंद. तेवढ्या वेळात हे सहा जण जागेवर बसले की टीसी आपोआप चालू राहतो. पाचच बसवलेत तर थोड्या वेळाने टीसी अडखळणार. दहा बसवलेत तर फूड साठत जाणार आणि शेतासाठी, बरॅक्ससाठी (सैनिकांची पहिली इमारत) वूड नसणार.

पुढचे चार वूडवर. मग एक जण रानडुक्कर ओढून आणायला, त्यानंतरचे चार बेरीवर, त्यातला पहिला मिल (फूड जमा करायची इमारत) बांधतो. मग दुसरं डुक्कर, आणि उरलेले सगळे वूडवर. साधारण हा क्रम बहुतेक मोकळ्या नकाशांवर चालतो. पाठ करण्यापेक्षा त्यामागचा हिशेब लक्षात ठेवा. १८ व्हिलेजरांना ९०० फूड लागतं, त्यातले २०० हातात होते. फ्यूडलला ५०० लागतात. म्हणजे गोळा करायचे १२००. नकाशावर आयतं किती आहे? आठ मेंढ्यांचे ८००, दोन डुकरांचे ६८०, सहा बेरींचे ७५०. हरणं वेगळीच, प्रत्येकी १४०. म्हणजे फ्यूडलपर्यंत एकही शेत न लावता भागतं. तरी नवखा खेळाडू चौथ्या मिनिटाला शेतं लावायला घेतो, कारण त्याला डुकराची भीती वाटते. एक शेत ६० वूडचं. चार शेतं म्हणजे २४० वूड, आणि समोर ६८० फूडची डुकरं तशीच चरत असतात. शिकारीवरचा व्हिलेजर शेतातल्यापेक्षा वेगानेही गोळा करतो, त्यामुळे हा तोटा दुहेरी आहे.

डुक्कर आणणं वाटतं तितकं अवघड नाही. एका व्हिलेजरने बाण मारायचा, ते मागे लागलं की सरळ टीसीकडे पळायचं, आणि जवळ पोचल्यावर मेंढीवरच्या सगळ्यांना डुकरावर सोडायचं. पळताना दुसरीकडे बघत बसू नका, एवढंच पथ्य. पहिले काही दिवस आधीच लूम करून घेतलंत तरी कुणी हसणार नाही. ५० गोल्डमध्ये व्हिलेजरची मार झेलायची ताकद १५ ने वाढते. मेलेल्या जनावराचं मांस मात्र कुजत राहतं, खाणारं कुणी असो वा नसो. म्हणून सहा जणांनी तीन मेंढ्या एकदम मारू नयेत. एका वेळी एक, तीही टीसीला चिकटून. डुकराचे ३४० फूड मोठे असतात, त्यावर सहा-सात जण बसवा.

घरांबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. २५ वूडला पाच जागा. टीसीच्या स्वतःच्या पाच जागांपैकी चार सुरुवातीलाच भरलेल्या असतात, म्हणून गेम सुरू होताच पहिल्या काही सेकंदांत घर हवंच. नंतर वरच्या पट्टीत दोन-तीन जागा उरल्या की पुढचं घर सुरू करा, कारण बांधायलाही साधारण एका व्हिलेजरइतका वेळ जातो. सैन्याच्या इमारती दोन-तीन झाल्या की एकेक घराने भागत नाही, जोडीने बांधा.

तिसरं कारण लक्षाचं. लढाई सुरू झाली की डोळे तिकडे जातात आणि टीसी विसरतो. इथे कीबोर्डशिवाय गत्यंतर नाही. मूळ मांडणीत ‘एच’ दाबलं की टीसी निवडला जातो, आणि पूर्णविरामाचं बटण दाबलं की रिकामा उभा असलेला व्हिलेजर सापडतो. ही दोन बटणं श्वासासारखी व्हायला हवीत. स्काउट फिरवताना, भिंत बांधताना, मार खातानाही. त्यावर उपाय म्हणून बरेच जण एकदम पाच-सहा व्हिलेजर रांगेत लावून मोकळे होतात. पण या गेममध्ये रांगेत लावताक्षणी पैसे कापले जातात. पाच जण रांगेत म्हणजे २५० फूड अडकलं, फ्यूडलची अर्धी किंमत. पहिल्या सात-आठ मिनिटांत रांगेत दोनपेक्षा जास्त नकोत: एक तयार होत असलेला, एक वाट बघणारा. लढाई जोरात असेल तेव्हा चार लावा, तेवढी चैन परवडते. चुकून जास्त लागले तर रद्द करा, फूड पूर्ण परत मिळतं.

टीसीचा वेळ खाणाऱ्या आणखी गोष्टी आहेत, त्यांची किंमत व्हिलेजरांमध्ये मोजायची सवय लावून घ्या. लूम म्हणजे एक व्हिलेजर. व्हीलबॅरो (व्हिलेजरांचं चालणं आणि वाहणं सुधारतं) १७५ फूड आणि ५० वूडचं दिसतं, पण ते ७५ सेकंद घेतं, म्हणजे खरं तर आणखी तीन व्हिलेजर. ते घ्यायचं असतंच, पण शेतं बरीच झाल्यावर, कारण त्याचा मुख्य फायदा चालणाऱ्यांना आहे. उलट डबल-बिट अॅक्स ही सुधारणा लंबर कॅम्पमध्ये (वूड जमा करायची इमारत) होते, टीसी अडत नाही आणि वूड वीस टक्के वेगाने येतं. १०० फूड, ५० वूड. फ्यूडलमध्ये पाय ठेवताच पहिली खरेदी ही. शेतं लावण्याआधी हॉर्स कॉलरही घ्या. साध्या शेतातून १७५ फूड निघतं, कॉलरनंतर २५०, आणि लावायला लागणारं वूड तेच ६०.

फ्यूडलचं बटण दाबल्यावर १३० सेकंद टीसी व्हिलेजर काढत नाही. म्हणजे सेकंदाला २ फूडचा खर्च थांबतो. तरी नवखा माणूस मेंढ्यांवरचे सहाच्या सहा जण तिथेच ठेवतो, आणि फ्यूडलमध्ये पोचतो तेव्हा फूड तीनशे, वूड वीस. या १३० सेकंदांत निदान चार जण वूडवर हलवा. पुढे बरॅक्स १७५, तबेला किंवा आर्चरी रेंज (तिरंदाजांची इमारत) १७५, आणि शेतं प्रत्येकी ६० अशी वूडची बिलं रांगेत उभी आहेत.

आता तुमच्या दीड हजार वूडकडे येऊ.

ते साठलं कारण तुम्ही माणसं पाठवताना ‘काय कमी आहे’ ते बघता आणि ‘काय विकत घेणार आहे’ ते ठरवत नाही. एकदा वूड कमी पडलं, दहा जण पाठवले, मग ते दहा जण विसरले. उलटीकडून सुरुवात करा. आधी खरेदी ठरवा, मग माणसं.

उदाहरणादाखल तबेल्यातून सतत नाइट काढायचे आहेत. एक नाइट ६० फूड, ७५ गोल्ड, तयार व्हायला ३० सेकंद. म्हणजे एका तबेल्याला सेकंदाला २ फूड आणि २.५ गोल्ड हवं. सोन्यावरचा माणूस सेकंदाला पावणेचार दशांशाच्या, म्हणजे ०.३८ च्या आसपास आणतो. म्हणून गोल्डवर सात जण. शेतकरी चालण्यात थोडा वेळ घालवतो, म्हणून फूडवरही सात धरा. टीसी चालूच आहे, त्याचे आणखी सहा-सात. तबेले दोन असतील तर नाइटचे आकडे दुप्पट, टीसीचा तोच. बेरीज केली की दिसतं: दोन तबेले आणि एक टीसी चालवायला शेतावर वीसेक, सोन्यावर चौदा, आणि घरं-शेतं यांच्यासाठी वूडवर दहाएक. तुमच्याकडे पन्नासच्या जवळ व्हिलेजर नसतील तर दोन तबेले सतत चालणारच नाहीत. मग दुसरा तबेला बांधू नका, टीसी बांधा.

तिरंदाजांचा हिशेब वेगळा येतो. फ्यूडलमध्ये एक आर्चर २५ वूड, ४५ गोल्ड, ३५ सेकंद. एका रेंजला वूडवर दोन जण आणि गोल्डवर चार पुरतात, फूड तर लागतच नाही. म्हणून आर्चर खेळणाऱ्याला शेतं कमी लागतात आणि लवकर सोनं लागतं. स्काउट मात्र निव्वळ फूडचा, ८० फूड ३० सेकंदांत. एका तबेल्याला आठ शेतकरी, टीसीचे सहा धरून चौदा. गोल्ड शून्य. नवख्यांनी स्काउटपासून सुरुवात करावी असं मी सांगतो ते यासाठीच. एकच रिसोर्स सांभाळायचा, आणि तो शेतांमधून येतो, म्हणजे गेममधली सगळ्यात त्रासदायक सवय आधी लागते.

डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये वरच्या पट्टीत प्रत्येक रिसोर्सच्या आकड्याजवळ त्यावर किती जण कामाला आहेत तेही दिसतं. साठ्याच्या मोठ्या आकड्यापेक्षा हा छोटा आकडा जास्त वेळा बघा. साठा पाच मिनिटांपूर्वी काय चुकलं ते सांगतो, हा आकडा पाच मिनिटांनी काय चुकणार आहे ते सांगतो. वूड चारशेच्या वर गेलं आणि पुढच्या मिनिटात लागणार नसेल तर वूडवरचे चार-पाच जण एकत्र उचला आणि सोन्यावर टाका. एकेक माणूस हलवत बसलात तर दिवस जाईल. हलवताना एक बारीक गोष्ट: व्हिलेजरच्या हातात काही गोळा केलेलं असेल तर आधी ते कॅम्पमध्ये टाकायला लावा. तसंच दुसऱ्या कामावर पाठवलंत तर हातातलं वाया जातं.

अंतर हा न दिसणारा खर्च आहे. व्हिलेजर सेकंदाला ०.८ चौकोन चालतो आणि एका वेळी १० वूड उचलतो. दहा वूड तोडायला साधारण २६ सेकंद. झाडं कॅम्पपासून पाच चौकोन मागे सरली की जाऊन-येऊन साडेबारा सेकंद चालण्यात जातात. म्हणजे एकूण वेळेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. नऊ जण वूडवर असतील तर त्यातले तीन नुसते फिरायला निघालेत असं समजा. नवा लंबर कॅम्प १०० वूडचा आहे. ते शंभर वाचवून तीन माणसं फुकट घालवणं ही अजब काटकसर, पण नव्या खेळाडूंच्या नकाशावर हमखास दिसते. शेतंही आधी टीसीभोवती, मग मिलभोवती, अगदी चिकटून. टीसीचा झेंडाही, म्हणजे तयार झालेला व्हिलेजर थेट जिथे जाणार ते ठिकाण, दर दोन-तीन जणांनी बदलत राहा. नाहीतर ते टीसीच्या दारात उभे राहून तुमची वाट बघतात.

स्टोनची काळजी सुरुवातीला करूच नका. २०० स्टोन आयता मिळतो. कॅसल एजमध्ये (फ्यूडलनंतरचा टप्पा) नवा टीसी २७५ वूड आणि १०० स्टोनला पडतो, म्हणजे दोन जादा टीसींची सोय झालेलीच आहे. फक्त तो स्टोन भीतीपोटी फ्यूडलमध्ये टॉवरवर उडवू नका. तीन टीसी झाले की व्हिलेजर तिप्पट वेगाने येतात, पण फूडची भूकही सेकंदाला सहावर जाते. म्हणजे नुसत्या टीसींसाठी अठरा-वीस शेतकरी. शेतं त्याआधी तयार नसतील तर तीनही टीसी अर्धपोटी बसतात आणि एका टीसीपेक्षा फार फरक पडत नाही. दुसऱ्या टीसीचा पाया पडला की प्रत्येक नव्या व्हिलेजरमागे एक शेत, हा वेग काही मिनिटं धरून ठेवा. इथे मात्र तुमचं ते साठलेलं वूड कामाला येईल: दहा शेतं म्हणजे सहाशे गेले.

मार्केटबद्दल (रिसोर्स विकायची-घ्यायची इमारत) विचारणारे असतात. ‘जास्तीचं वूड विकून टाकू का?’ सुरुवातीला १०० वूड विकलं की ७० गोल्ड मिळतं, आणि प्रत्येक व्यवहारागणिक भाव आणखी पडत जातो. कॅसल एजला २०-३० गोल्ड कमी पडतंय तेव्हा एकदा विकणं शहाणपणाचं आहे, कारण तिथे वेळ विकत घेतोय. दर मिनिटाला विकत असाल तर माणसं चुकीच्या ठिकाणी आहेत, आणि त्या चुकीवर तुम्ही तीस टक्के कर भरताय.

सराव कसा करायचा? गेममध्येच ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाच्या छोट्या आव्हानांमध्ये सुरुवातीच्या अर्थव्यवस्थेचं एक आहे, ते आधी करा. मग अरेना नकाशा घ्या. तिथे सुरुवातीपासून भोवती दगडी तटबंदी असते, त्यामुळे शत्रू लवकर घरात येत नाही आणि तुम्हाला हिशेबाकडे बघता येतं. कॉम्प्युटर सोपा ठेवा, जिंकण्याचा विचार बाजूला. फक्त फ्यूडलपर्यंत खेळा, वेळ लिहा, ७:५५ शी ताडून बघा, गेम बंद करा, पुन्हा सुरू. कंटाळवाणं आहे हे मान्य. पण पूर्ण सामना खेळून चाळीस मिनिटांनी हरलात तर चूक तिसऱ्या मिनिटातली होती की तिसाव्या, हे कळत नाही.

स्टारक्राफ्ट २ कडे (याच धर्तीचा दुसरा गेम) वळणार असाल तर रिसोर्स दोनच आहेत आणि कामगार १२ सेकंदांत तयार होतो, त्यामुळे सगळं अंगावर लवकर येतं. पण हिशेब हाच. तिथे एका तळावरच्या आठ मिनरल पट्ट्यांना १६ कामगार आणि प्रत्येक गॅसला तीन, एवढं पक्कं असतं. त्याहून जास्त बसवले की वाढीव माणूस फारसं आणत नाही, नवा तळ घ्यायचा.

सिव्हिलायझेशन कोणती निवडावी, हेही विचारलंत म्हणून सांगतो. चायनीज टाळा. त्यांना तीन व्हिलेजर जास्त मिळतात पण फूड शून्यावर सुरू होतं आणि पहिल्या मिनिटातच तारांबळ उडते. हूणांना घरं बांधावी लागत नाहीत, ते ऐकायला छान वाटतं, पण घराची सवय लागणार नाही आणि दुसरी सिव्हिलायझेशन घेतलीत की दर दोन मिनिटांनी अडकाल. २०२२ च्या डायनॅस्टीज ऑफ इंडिया विस्तारानंतरचे हिंदुस्तानी घ्या. त्यांचे व्हिलेजर स्वस्त आहेत, म्हणजे वरचं सहा मेंढपाळांचं गणित थोडं ढिलं होतं, आणि मेंढ्या सापडायला उशीर झाला तरी टीसी लगेच बंद पडत नाही. पंधरावीस सामन्यांनंतर तो आधार सोडा आणि ब्रिटनसारखी साधी सिव्हिलायझेशन घेऊन तेच ७:५५ गाठता येतं का बघा.